रॅम हातात घेण्याआधी

निपाणीत जानेवारीत हवा कोरडी पडली की स्वेटर काढतानाच चटचट आवाज येतो. त्याच दिवसांत आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात साफसफाईनंतर रॅम (कॉम्प्युटरच्या मेमरीच्या पट्ट्या) बंद पडायच्या. कारण अंगावर साठणारी स्थिर वीज. तिचा झटका आपल्याला साधारण ३००० व्होल्टला जाणवतो. नाजूक चिप १०० व्होल्टच्या आतही जाते, म्हणजे कळतही नाही!

आधी वायरमनकडून दुकानाचं अर्थिंग नीट करून घेतलं. ते नसेल तर पुढचं सगळं फुकट. मग अंगावरची ही वीज जमिनीत सोडणारा मनगटी पट्टा आणून अर्थिंगला जोडला. पट्ट्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर (विजेचा प्रवाह कमी ठेवणारा भाग) असतो. चुकून मेन लाइनला हात लागला तर तोच वाचवतो, म्हणून साधी वायर मनगटाला कधीच गुंडाळू नका. रॅम कडेने धरायची, लगेच अँटीस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या) पिशवीत ठेवायची. तक्रारी थांबल्या.