मागांच्या शेडमध्ये रडार लावताना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या शेडमध्ये बीमची (ताण्याचं सूत गुंडाळलेल्या रुळाची) ट्रॉली कुठे आहे, मागांमधल्या बोळात कोणी उभं आहे का, हे कॅमेऱ्याशिवाय टिपायला ६० गिगाहर्ट्झचं रडार मॉड्यूल पुरतं. तीन प्रक्षेपक (लहरी सोडणाऱ्या) आणि चार ग्राहक (परतलेल्या लहरी टिपणाऱ्या) अँटेना असलेलं घ्या.

अंतराचा आकडा भरवशाचा. ३ गिगाहर्ट्झ बँडविड्थ (लहरींच्या वारंवारतेचा पट्टा) असली की एकामागे एक ५ सेंमीवरच्या दोन वस्तूही वेगळ्या निघतात. प्रक्षेपक-ग्राहकाची प्रत्येक जोडी एका आभासी अँटेनाचं काम करते. आडव्या दिशेला अशा आठ आभासी अँटेनांची ओळ मिळते, तिथे दोन वस्तूंमधला १५ अंशांपर्यंतचाच फरक कळतो. उंचीला मात्र दोनच ओळी, म्हणजे जवळपास ५७ अंश! एकावर एक असलेल्या दोन वस्तू त्यात एकच दिसतात. वस्तू एकटी असली तरी ५ अंशांची चूक ६ मीटरवर अर्धा मीटर होते. त्यामुळे ‘माणूस वाकलाय की उभा’ असले निर्णय उंचीवर सोडू नका.

मॉड्यूल २ ते २.५ मीटर उंचीवर, १० अंश खाली झुकवून पक्कं बसवा. मागाच्या सांगाड्याला कधीच नाही, भिंतीच्या खांबाला. झुकाव α आणि बसवलेली उंची h धरून मॉड्यूलचे आकडे असे फिरवा:

नवा य = य × कॉस α + झ × साइन α
नवा झ = झ × कॉस α − य × साइन α + h

इथे य म्हणजे समोरचं अंतर, झ म्हणजे वर. क्ष म्हणजे आडवं अंतर, ते तसंच राहतं.

पडताळणीला पत्र्याचे तीन काटकोन त्रिकोण घ्या, काटकोनाच्या बाजू १० सेंमी, आणि खोलीच्या कोपऱ्यासारखे जोडा. एवढ्याशा तुकड्याचं रडारला दिसणारं क्षेत्रफळ सुमारे १७ चौरस मीटर भरतं, पण काटकोन चुकला की ते झपाट्याने घसरतं. टेपने मोजलेल्या ३, ५ आणि ८ मीटरवर तो ठेवून आकडे जुळवा. तुकडा दिसतच नसेल तर बहुधा स्थिर वस्तू गाळणारी सेटिंग चालू आहे. पडताळणीपुरती बंद करा.

मग माग सुरू करा. खरी डोकेदुखी इथे. मागाची फणी (विणलेला धागा ठोकून बसवणारा भाग) सतत पुढे-मागे होते, म्हणून तिला वेग असतो आणि ती गाळली जात नाही. रडार टिपलेली प्रत्येक जागा नकाशावर ठिपक्याने दाखवतं, त्यामुळे प्रत्येक मागाच्या जागी ठिपक्यांचा झुबका बसतो. सेटिंगशी झगडण्यापेक्षा नकाशावर फक्त बोळाच्या हद्दी आखा, बाहेरचे ठिपके सरळ टाका. पत्र्याच्या भिंतीतून भुतंही येतात: माणूस ४ मीटरवर, भिंत ६ मीटरवर, तर तोच माणूस ८ मीटरवरही दिसू शकतो. भिंतीपलीकडचं काहीही खरं मानू नका.

माणसाचा मागोवा घ्यायला कालमन फिल्टर (आधीच्या नोंदींवरून पुढची जागा अंदाजणारी गणिती पद्धत) बरा. सेकंदाला १० फ्रेम असतील तर चालणारा माणूस फ्रेममागे साधारण १२ सेंमी सरकतो, त्या अंदाजाने ठिपके जोडा. स्थिर वस्तू गाळणारी सेटिंग चालू असली की बोळात थांबलेला माणूस मात्र हळूहळू गायब होतो. शेवटची नोंद हद्दीच्या आत असेल तर ती लगेच पुसू नका, काही सेकंद धरून ठेवा.

कोरडा कापूस किंवा चादर रडारला फारशी अडवत नाही. ओला टॉवेल अडवतो.