फुटपाथवरच्या माणसाचं सामान: सांभाळायची खोली कशी सुरू करावी

सकाळी आठला मुंबईतल्या कुठल्याही कामगार नाक्यावर जाऊन उभे राहा. गवंडी, रंगारी, बिगारी थांबलेले असतात आणि मुकादम बोटाच्या खुणेनेच माणसं निवडतो. ज्याच्या खांद्याला फक्त हत्यारांची पिशवी आहे, त्याला बोलावणं येतं. ज्याच्याकडे थापी-ओळंब्याबरोबर गोधडी, पातेलं आणि कपड्यांचं बोचकंही आहे, त्याच्यावरून नजर तशीच पुढे सरकते. एवढं लटांबर टेम्पोत चढवणार कोण आणि साइटवर ठेवणार कुठे? बरं, सामान मागे फुटपाथवर ठेवून यावं, तर दुपारी पालिकेची सामान उचलणारी गाडी येते. ‘गाडी’ म्हणजे काय हे रस्त्यावर राहणाऱ्या कुणालाही विचारावं लागत नाही. संध्याकाळी परत आलं की गोधडीही नसते आणि आधार कार्डही.

२०११ च्या जनगणनेत मुंबईत ५७,४१६ बेघर माणसं मोजली गेली. या माणसांचं सामान दिवसभर झाडाच्या बेचक्यात, दुभाजकाच्या जाळीला बांधून, पुलाखालच्या खबदाडीत किंवा ओळखीच्या टपरीवाल्याकडे रोजाने पैसे देऊन पडलेलं असतं. रेल्वेची क्लोकरूम आहे की, असं कुणीतरी म्हणतंच. तिथे प्रवासाचं तिकीट लागतं, ओळखपत्र लागतं आणि बॅगेला कुलूप लागतं. सुतळीने आवळलेल्या बोचक्याला कुलूप कुठे लावायचं?

चार-पाच जणांचा गट, एक खोली आणि थोडे पैसे असतील तर सामान सांभाळण्याची सोय उभी करता येते. आम्ही केली, त्यात चुकाही भरपूर केल्या. खालचं बरंचसं त्या चुकांतूनच आलं आहे.

आधी रात्री फिरा

जागा शोधण्याआधी आठवडाभर रात्री दहा-अकराच्या सुमाराला त्या भागातून चालत फिरा. हातात फॉर्म घेऊ नका. फॉर्म दिसला की माणसं एकतर गप्प होतात किंवा घर मिळणार या आशेने नावं सांगू लागतात, आणि दोन्हीचा उपयोग नाही. मावशी, काका, दादा म्हणून बसायचं आणि एवढंच विचारायचं: दिवसा सामान कुठे असतं? मागचं सामान कधी आणि कसं गेलं? सकाळी किती वाजता निघता, रात्री किती वाजता येता?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. आम्ही सुरुवातीला खोली सकाळी दहा ते संध्याकाळी पाच उघडी ठेवली होती, म्हणजे आमच्या सोयीने. पंधरा दिवसांत तीन माणसं आली. नाका सातपासून भरतो, कचरावेचक बायका पहाटे निघतात, सिग्नलवर गजरे विकणाऱ्या बायका रात्री नऊशिवाय मोकळ्या होत नाहीत. वेळ पहाटे साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते रात्री दहा अशी केली आणि महिन्याभरात खोली भरली. ही वेळ तुम्हाला रोज, रविवार-दिवाळीसकट पाळता येणार नसेल, तर सुरूच करू नका. खोली एक दिवस बंद राहिली तर कुणाची तरी त्या रात्रीची पांघरुणं आत अडकतात.

जागा

माणसं झोपतात तिथून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर, तळमजल्याला, शक्य तर सार्वजनिक शौचालयाच्या जवळ. सकाळी माणूस तोंड धुऊन, सामान टाकून थेट कामाला जातो. वाट वाकडी करावी लागली की येणं बंद होतं. गणेशोत्सव मंडळाचं कार्यालय वर्षातले दहा-अकरा महिने बहुधा बंदच असतं. त्यांच्याशी बोला, मात्र उत्सवाच्या काळातली पर्यायी जागा आधीच ठरवून ठेवा. गुरुद्वारा, दर्गा, चर्च, मंदिराचे ट्रस्ट यांच्याकडेही खोल्या असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांनुसार मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक बेघर निवारा हवा. तुमच्या भागात तो असेल तर तिथली एक खोली मागता येते. फक्त एक अट मान्य करून घ्या: निवाऱ्यात न झोपणाऱ्यांनाही सामान ठेवता आलं पाहिजे. पुरुषांचा निवारा वेगळा, बायकांचा वेगळा, म्हणून कित्येक कुटुंबं फुटपाथच पसंत करतात. सामान सगळ्यात जास्त त्यांच्याकडेच असतं.

पाणी कुठवर चढतं हे शेजारच्या दुकानदाराला विचारा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसा दिवस रोज येत नाही, पण गुडघाभर पाणी मुंबईत दरवर्षी कुठे ना कुठे भरतंच. म्हणून खालचा कप्पा जमिनीपासून निदान दीड फूट वर घ्या.

लॉकर नको, पिंप घ्या

आम्ही पहिल्यांदा भंगारातून ऑफिसचे लोखंडी लॉकर आणले. दिसायला झकास. त्यात एक वाकळसुद्धा मावेना. मग गोण्या वापरल्या, तर घुशींनी चार दिवसांत त्यांची जाळी केली. शेवटी १०० लिटरची निळी प्लास्टिकची पिंपं आणली. झाकणावर लोखंडी रिंग बसते, रिंगला कुलूप लागतं, आत पाणी जात नाही आणि उंदरालाही दाद देत नाही. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये जुनी पिंपं मिळतात, पण त्यात आधी काय होतं ते विचारून घ्या. रसायनाचं पिंप कितीही धुतलं तरी गोधडीला वास मारतो आणि अंगाला खाज सुटते. खाण्याच्या मालाचं असेल तरच घ्या. लॉस एंजेलिसच्या स्किड रो भागात बेघरांच्या सामानाचं मोठं कोठार आहे. तिथेही लॉकरच्या भानगडीत न पडता ६० गॅलनचे, म्हणजे सुमारे सव्वादोनशे लिटरचे, कचऱ्याच्या डब्यासारखे डबे वापरतात.

हिशोब सोपा आहे. दहा बाय बाराची खोली. एका पिंपाला दीड फूट जागा. बारा फुटांच्या दोन्ही भिंतींना दुमजली मांडणी केली की ३२ पिंपं, मागच्या भिंतीला मधल्या सात फुटांत आणखी आठ. एकूण ४०. मधे वावरायला जागा उरते. भरलेलं पिंप वरून उतरवायला दोन माणसं लागतात, म्हणून खालची ओळ म्हातारी माणसं, गरोदर आणि लेकुरवाळ्या बायका यांच्यासाठी राखा.

नंबर आणि चित्र

ओळखपत्र मागू नका. ज्याची कागदपत्रं गेली त्याच्याचसाठी ही खोली आहे. नाव जे सांगतील ते लिहा, एक फोटो काढा (नको म्हणाले तर काढू नका) आणि गळ्यात किंवा करगोट्यात अडकवता येईल असा पत्र्याचा बिल्ला द्या. बिल्ल्यावर नंबर आणि एक चित्र. छत्री, पतंग, सायकल, कंदील. मतपत्रिकेवर चिन्हं का आली हे आठवा. वाचता न येणारा माणूस नंबर विसरतो, ‘माझा कंदील’ विसरत नाही. तेच चित्र पिंपावर ऑइल पेंटने काढा. बिल्ला हरवला तर सामानातल्या तीन वस्तू सांगायला लावा आणि द्या. दंड नको.

कुलूप ज्याचं त्याने आणावं, नसेल तर आपण द्यावं. एक चावी त्याच्याकडे. दुसरी पाकिटात घालून, पाकिटावर त्याची सही किंवा अंगठा घेऊन आपल्याकडे. पाकीट फोडायचं ते आग, पाणी किंवा मुदत संपणं या तीनच कारणांनी, आणि दोघांच्या समोर.

झडती घ्यायची नाही

या नियमावर आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाले. आत काय आहे हे बघायला नको का? आमचं उत्तर असं ठरलं: पिंप माणसाने स्वतःच्या हाताने भरायचं, आपण पाठमोरं उभं राहायचं, आणि आधी तीन गोष्टी तोंडी सांगायच्या. पेटणारं काही नको (स्टोव्ह, रॉकेल, छोटा गॅस), नासणारं नको, रोकड आणि दागिने नकोत. रोकड घेतली की एक दिवस कुणीतरी कमी भरली म्हणणार आणि तुमच्याकडे उत्तर नसणार.

सिग्नलवर गजरे विकणाऱ्यांत कितीतरी पारधी कुटुंबं असतात. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पारध्यांसारख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा रद्द होऊन, १९५२ साली तो शिक्का पुसला गेला, पण पोलिसाने बोचकं रस्त्यावर उलटं करण्याची सवय गेली नाही. त्या बाईसमोर तुम्हीही तेच केलंत, तर ती उद्या येणार नाही.

‘हत्यारं नकोत’ असा नियम मात्र आंधळेपणाने लावू नका. आम्ही लावला होता. पहिल्याच दिवशी एका सुताराने रंधा, पटाशी आणि करवत टेबलावर मांडली आणि म्हणाला, “हेच तर ठेवायचंय, साहेब. बाकीचं गेलं तरी चालेल.” नियम त्याच दिवशी खोडला.

कागदपत्रं वेगळी

प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत एकात एक गुंडाळलेली पुडी जवळजवळ प्रत्येकाकडे असते. एकीने आमच्यासमोर सोडली तेव्हा त्यात पिवळं रेशन कार्ड, पोराचा शाळा सोडल्याचा दाखला, नायर हॉस्पिटलचा केसपेपर आणि देवाचा चांदीचा एवढासा टाक निघाला. टाक तिने परत कनवटीला लावला.

अशा कागदांसाठी एक लोखंडी कपाट घ्या, त्यात चेन असलेली जाड पाकिटं ठेवा. मूळ कागद घेतलात की पावती द्याच. झेरॉक्स काढून त्यांच्याकडे द्या, म्हणजे दिवसा अडवलं तर दाखवायला काहीतरी असेल. आधार हरवलं असेल आणि मोबाइलही गेला असेल (बहुधा दोन्ही एकदमच जातात), तर ओटीपीचा मार्ग बंद होतो. मग आधार केंद्रात बोटांच्या ठशांवरून नोंद शोधून घ्यावी लागते. अशा वेळी सोबत जा. एकट्या माणसाला खिडकीवरूनच परत पाठवतात. मतदार यादीत नाव घालायचं असेल तर बेघर माणसाकडे पत्त्याच्या पुराव्याचा आग्रह धरता येत नाही. फॉर्म ६ वर जिथे झोपतो ती जागा लिहायची, मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) रात्री येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते पाहतो. हे काम सामानाच्या खोलीचं नाही खरं, पण एकदा पाकीट उघडलं की हे प्रश्न येतातच.

टीबीच्या गोळ्या पिंपात ठेवू देऊ नका. त्या रोज घ्यायच्या असतात. दाराजवळ छोटा खण ठेवा, सकाळी सामान टाकताना पाण्याच्या ग्लासाबरोबर गोळी घेतली जाते.

पालिकेशी आधी बोला

खोली असली तरी सगळं सामान खोलीत येणार नाही. म्हणून विभाग कार्यालयात लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि एवढंच मागा: गाडी येण्याआधी एक दिवस कळवा आणि उचललेलं सामान कुठे नेलं ते सांगा. लेखी उत्तर कदाचित येणार नाही, पण पालिकेचा मुकादम फोन करायला लागतो, आणि तो फोन उत्तरापेक्षा कामाचा. १९८१ मध्ये पावसाळ्यातच पदपथवासीयांना हुसकावण्याचा हुकूम निघाला, त्यातून पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखला जाणारा खटला उभा राहिला. १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पालिकेचा अधिकार मान्य केला, पण जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, सहसा नोटीस द्यायला हवी, असं सांगितलं आणि कारवाई त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत लांबवली. पत्रात या निकालाचा उल्लेख करा. धमकीच्या सुरात नको. लॉस एंजेलिसमध्ये २०१२ साली अपिली न्यायालयाने याहून स्पष्ट सांगितलं: माणूस जरा बाजूला गेला म्हणून त्याचं सामान उचलून तिथल्या तिथे नष्ट करणं घटनेला धरून नाही.

माणसं कोण, पैसे किती

प्रत्येक पाळीला दोघं हवेत आणि त्यातलं एक माणूस पिंप वापरणाऱ्यांपैकीच असावं, पगारी. आमच्याकडे संध्याकाळची पाळी सांभाळणाऱ्या मावशी स्वतः बारा वर्षं पुलाखाली राहिल्या. भांडण दारातच कसं मिटवायचं हे आम्हाला त्यांच्याकडून शिकावं लागलं. भाडं घेऊ नका. मात्र फुकट म्हटलं की संशय येतो: “यात तुमचं काय?” हा प्रश्न शंभरदा येईल. चिडू नका. दहा पिंपांनी सुरुवात करा, एकाचं सामान महिनाभर नीट राहिलं की तो नऊ जणांना घेऊन येतो.

न आलेल्याचं सामान

मुदत महिन्याची ठेवा, तोंडी वाढवून मिळेल अशी. माणूस आला नाही तर फेकायची घाई नको. शिमग्याला गावी गेला असेल, हॉस्पिटलात असेल. महाराष्ट्रात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून आहे. त्याखाली पकडलेल्या माणसाला पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं चेंबूरच्या भिक्षेकरी गृहासारख्या ठिकाणी ठेवता येतं. आधी शेजारी झोपणाऱ्यांना विचारा, मग हॉस्पिटलात, मग पोलिस ठाण्यात. तीन महिन्यांनी पिंप रिकामं करून दुसऱ्याला द्या, सामान गोणीत भरून त्याच चित्राची चिठ्ठी बांधा आणि माळ्यावर टाका. कागदपत्रांना मुदत नाही.

आमच्याकडे एक गवंडी काका चौदा महिन्यांनी आले. बिल्ला नव्हता, नंबर आठवत नव्हता. “पतंग,” म्हणाले. पतंगाचं पिंप तोवर दुसऱ्याकडे गेलं होतं, गोणी माळ्यावर होती. त्यांनी ती जमिनीवर सोडली, कपडे बाजूला सारले, ओळंबा काढला आणि दोरी दोन्ही हातांत धरून ताणून पाहिली. कुजली होती, तुटली. मावशींनी कपाटातून सुतळीचा गुंडा काढून दिला.