सोनोग्राफीत बाळाला गंभीर दोष दिसला, तर: बडोद्यातल्या कुटुंबांनी बाळंतपण कसं आखावं

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ‘हृदयाची रचना वेगळी दिसतेय’ किंवा ‘आतडी छातीत सरकलीत’ असं कळलं की घरात एकच प्रश्न उरतो: बाळ बरं होईल ना? त्याचं उत्तर बऱ्याच अंशी बाळ कुठे जन्माला येतं यावर अवलंबून असतं. जन्मानंतर ॲम्ब्युलन्समधून हलवण्यापेक्षा आईलाच आधी त्या गावी नेणं केव्हाही सुरक्षित. पुढची सगळी आखणी याच धोरणाने करा.

आधी निदान पक्कं करा. पहिला रिपोर्ट घेऊन फीटल मेडिसिनच्या, म्हणजे गर्भातल्या बाळाचे आजार पाहणाऱ्या, डॉक्टरांकडे जा. हृदयाचा संशय असेल तर फीटल एको (गर्भातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. ती १८ ते २४ आठवड्यांत सर्वांत स्पष्ट दिसते. चार गोष्टी लेखी मागा: दोषाचं पूर्ण नाव, दुसरा काही दोष आहे का, गर्भजल किती आहे, आणि गुणसूत्रांची तपासणी हवी का. ती हवी असेल तर गर्भजल काढून करतात, सोळाव्या आठवड्यानंतर केव्हाही. मायक्रोॲरेचा (गुणसूत्रांच्या बारकाईच्या तपासणीचा) रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, म्हणून ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणू नका. गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय सर्वस्वी आईचा. गर्भपात कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असल्यास २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यापुढे मेडिकल बोर्डाची परवानगी लागते. अर्ज मिळाल्यापासून बोर्डाने तीन दिवसांत मत द्यायचं असतं.

गर्भ ठेवायचं ठरलं की लगेच बालशल्यचिकित्सक किंवा बालहृदयरोगतज्ज्ञाला भेटा. ही भेट २८व्या आठवड्याच्या आत व्हावी, कारण गर्भजल जास्त असलेल्या बाईला वेळेआधी कळा लागू शकतात. अन्ननलिका बंद असलेल्या बाळाला गर्भजल गिळता येत नाही, म्हणून ते साठत जातं. २४ ते ३४ आठवड्यांत लवकर प्रसूतीची चिन्हं दिसली तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी आईला डेक्सामेथासोन देतात: ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं, दर बारा तासांनी एक. इंजेक्शन दिल्याची तारीख आणि वेळ फाइलवर लिहून घ्या.

आता आपल्या घरांतला नेहमीचा पेच. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर जळगावकडच्या एखाद्या तालुक्यात. डोहाळजेवण हौसेने करा, ओटी भरा, पण या वेळी आई-वडिलांनी लेकीकडे यावं. हृदयाच्या ऑपरेशनसाठी बडोद्याहून जवळचं मोठं सरकारी केंद्र म्हणजे अहमदाबादच्या असारवातलं यू. एन. मेहता हृदयरोग संस्थान. मुंबईला नातेवाईक असतील तर परळची वाडिया रुग्णालयंही विचारात घ्या. तिथे प्रसूतिगृह आणि मुलांचं रुग्णालय शेजारी-शेजारी आहेत. जिथे जायचं ठरेल त्या गावी ३७व्या आठवड्यात राहायला जा.

सिझरचा मुहूर्त काढायची घाई इथे बाळाला महागात पडते. हृदयाच्या बहुतेक दोषांत नैसर्गिक प्रसूती चालते आणि ३९ आठवडे भरू देणं हिताचं असतं. तारीख ठरवायचीच असेल तर सर्जन आणि एनआयसीयूतली (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली) खाट दोन्ही हाताशी असतील अशी कामाच्या दिवशीची सकाळ धरा.

पैशाचं काम सातव्या महिन्यातच उरका. आयुष्मान कार्डावर आईचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का ते पाहा. लग्नानंतर बदललेलं आडनाव हमखास अडवतं. ज्या रुग्णालयात जाणार तिथल्या आयुष्मान मित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनिसाला, विचारा की नवजात बाळाला आईच्या कार्डावर कोणत्या कागदांनी दाखल करतात. गुजरातेत ‘शाळा आरोग्य’ या नावाने चालणाऱ्या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं येतात आणि हृदयाचे उपचारही बसतात. नाव ऐकून अनेकांना वाटतं, आपलं बाळ अजून शाळेत कुठे जातंय! आशाताई किंवा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून संदर्भपत्र आधीच मागून ठेवा. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार आणि ने-आण जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत.

एवढं करूनही बाळ बडोद्यातच जन्मलं, तर पहिल्या मिनिटांत काय करायचं ते दोषावर ठरतं. ही यादी प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना आधीच दाखवा.

आतडी छातीत (डायफ्रॅमॅटिक हर्निया): बाळ रडलं नाही तरी मास्क लावून फुगा (श्वास देण्याची हवेची पिशवी) दाबायचा नाही. हवा छातीतल्या आतड्यांत भरते आणि फुफ्फुस आणखी दबतं. थेट श्वासनलिकेत नळी, आणि तोंडातून पोटात जाड नळी.

आतडी पोटाबाहेर (गॅस्ट्रोस्कायसिस): छातीपासून खालचं अंग स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक पिशवीत ठेवायचं आणि बाळ उजव्या कुशीवर. ओल्या गॉजचे थर गुंडाळले तर बाळ गार पडतं.

अन्ननलिका बंद: तोंडातून फेस येत राहतो, पोटात घालायची नळी दहा-बारा सेंटिमीटरवर अडते. डोकं उंच, लाळ सतत ओढायची, आणि तोंडात काहीही नाही. मधाचं बोट किंवा गुटी कोणत्याच नवजात बाळाला देऊ नये. या बाळाच्या तर ती सरळ फुफ्फुसात जाऊ शकते.

पाठीवर उघडी गाठ: बाळ पालथं, गाठीवर सलाइनने ओलसर निर्जंतुक गॉज, वर प्लास्टिक. हातमोजे लॅटेक्सचे नकोत.

हृदयाच्या काही दोषांत बाळ जगतं ते गर्भातली एक रक्तवाहिनी, डक्टस, उघडी असेपर्यंत. जन्मानंतर ती मिटू लागते आणि गुलाबी दिसणारं बाळ काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत निळं-राखाडी पडतं. ती उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन ई१ हे औषध देतात. सुरुवात साधारण ०.०५ मायक्रोग्रॅम दर किलो दर मिनिटाला. ५०० मायक्रोग्रॅमचा एक ॲम्पूल ५० मिलित मिसळला तर ३ किलोच्या बाळाला औषधाच्या पंपावर ताशी ०.९ मिलि. औषध फ्रिजमध्ये ठेवतात. प्रसूतीआधीच ते रुग्णालयात आहे का विचारा. त्याने श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून फुगा आणि मास्क हाताशी हवाच. सलाइन दोन ठिकाणी लावायचं: एक फक्त या औषधासाठी, आणि ते निकामी झालं तर सोयीला दुसरं. या बाळांत मॉनिटरवर ऑक्सिजनचा ७५ ते ८५चा आकडा बऱ्याचदा अपेक्षितच असतो. तो पाहून ‘ऑक्सिजन वाढवा’ असा आग्रह धरू नका. जास्त ऑक्सिजनने डक्टस मिटायला मदतच होते.

हलवताना बाळाची घाई आणि ड्रायव्हरची घाई वेगळी ठेवा. दाराबाहेर पडण्याआधी काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस हवं आणि रक्तातली साखर किमान ५०. साखर कमी असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज, किलोला २ मिलि, आणि पुन्हा तपासणी. बडोदं ते असारवा दोन-अडीच तास धरा. एक्स्प्रेसवेवरून गाडी अहमदाबादच्या सीटीएम चौकात लवकर पोचते, वेळ पुढे शहरात जातो. ऑक्सिजनचा हिशेब असा: मिनिटाला ६ लिटर, तीन तास, म्हणजे १०८० लिटर, अडकलो तर म्हणून दुप्पट, २१६०. बी-टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १५०० लिटर असतो, म्हणजे दोन लागतात. काटा स्वतः पाहा. पंपाची बॅटरी चार्ज आहे का तेही.

सोबत काय द्यायचं: जन्मवेळ, वजन, व्हिटॅमिन के दिल्याची नोंद, शी-शू झाल्याची वेळ, शेवटची साखर, सगळ्या सोनोग्राफी, आणि आईच्या रक्ताचा नमुना, कारण बाळाला रक्त लागलं तर जुळवताना तो लागतो. निघताना समोरच्या एनआयसीयूच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं डॉक्टरांनीच करावं. ‘खाट आहे’ हा नातेवाइकाने आणलेला निरोप पुरत नाही.

बाळ अहमदाबादला आणि बाळंतीण बडोद्यात, अशी वेळ आली तर तिचं दूध सुरू ठेवणं हेच तिचं मोठं काम. पहिल्या तासा-दोन तासांत हाताने पिळायला सुरुवात, मग दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पहिल्या दिवशी चमचाभर चीक निघाला तरी तो बाळासाठी मोलाचा. ‘दूधच येत नाही’ म्हणून सासूबाईंनी पावडरचा डबा मागवू नये. उकळून घेतलेल्या, झाकण असलेल्या स्टीलच्या वाटीत किंवा डबीत दूध घ्यायचं. बाहेर चार तास, फ्रिजच्या आतल्या भागात चोवीस तास टिकतं. दारातल्या कप्प्यात नको. डबीवर आईचं नाव, तारीख, वेळ. अहमदाबादला निघणाऱ्या पहिल्या नातेवाइकाबरोबर बर्फाच्या पिशव्यांच्या डब्यात पाठवा, आणि बाळाला कधी पाजायचं हे तिथल्या सिस्टर सांगतील तोवर ते त्यांच्याच फ्रिजमध्ये ठेवायला द्या.