कॅलिफोर्नियात नोकरीत किंवा घरभाड्यात भेदभाव झाला, तर सरकारकडे तक्रार कशी करावी

कॅलिफोर्नियात नोकरी आणि घर या दोन्हींसाठी भेदभावाचा मुख्य कायदा एकच आहे: फेअर एम्प्लॉयमेंट अँड हाउसिंग ॲक्ट. वकील त्याला ‘फीहा’ म्हणतात. १९५९ चा नोकरीचा कायदा आणि १९६३ चा घरांचा रमफर्ड कायदा एकत्र करून १९८० मध्ये तो झाला. राबवणारं खातं म्हणजे सिव्हिल राइट्स डिपार्टमेंट, थोडक्यात सीआरडी. जुलै २०२२ पर्यंत त्याचं नाव वेगळं होतं (डिपार्टमेंट ऑफ फेअर एम्प्लॉयमेंट अँड हाउसिंग), त्यामुळे जुन्या लेखांत ‘डीएफईएच’ दिसलं तर ते हेच खातं. तक्रारीला फी नाही, वकील असण्याची अट नाही, आणि व्हिसा कोणता, कागदपत्रं आहेत की नाहीत, यावर कायद्याचं संरक्षण अवलंबून नाही.

राज्याचा कायदा केंद्राच्या, म्हणजे अमेरिकेच्या फेडरल कायद्यापेक्षा बराच पुढे जातो. नोकरीतल्या भेदभावाचा केंद्राचा मुख्य कायदा किमान १५ कर्मचाऱ्यांच्या कंपनीला लागतो, इथला ५ पासून. छळाची तक्रार असेल तर एकच कर्मचारी असला तरी चालतं. केंद्राच्या त्या कायद्यात मानसिक त्रास आणि दंडात्मक भरपाई मिळून मोठ्यातल्या मोठ्या कंपनीला ३ लाख डॉलरची कमाल मर्यादा आहे, फीहात तशी मर्यादा नाही. एवढा भक्कम कायदा हाताशी असून तक्रार टिकत नाही, ती पुष्कळदा चुकलेल्या तारखेमुळे किंवा फॉर्मवर न भरलेल्या चौकटीमुळे. म्हणून सुरुवात तारखांपासून.

१. आधी कॅलेंडर उघडा

नोकरीची तक्रार: शेवटच्या घटनेपासून ३ वर्षांच्या आत सीआरडीकडे. २०२० पूर्वी ही मुदत एकच वर्ष होती, आणि अजूनही कुणीतरी ‘वर्ष उलटलं, आता काही होत नाही’ असं सांगतं. ते ऐकू नका. केंद्राच्या ईईओसीकडेही (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणारा फेडरल आयोग) जायचं असेल तर तिथे कॅलिफोर्नियात ३०० दिवस.

घराची तक्रार: सीआरडीकडे १ वर्ष. थेट कोर्टात जायचं असेल तर २ वर्षं, आणि त्यासाठी आधी सीआरडीकडे जाण्याची सक्ती नाही. नोकरीच्या बाबतीत मात्र आधी सीआरडी, मगच कोर्ट.

२. कारण कोणत्या खणात बसतं ते ठरवा

मॅनेजर सगळ्यांशीच वाईट वागत असेल तर तो वाईट मॅनेजर आहे, कायदा त्याला हात लावत नाही. वागणूक आणि एखादं संरक्षित कारण यांचा संबंध दाखवावा लागतो: वंश, रंग, धर्म, मूळ देश, पूर्वजांचं कूळ, लिंग, गरोदरपण, लैंगिक कल, अपंगत्व, आजारपण, वैवाहिक स्थिती, ४० आणि त्यापुढचं वय वगैरे. घरांच्या यादीत आणखी दोन महत्त्वाची कारणं आहेत: घरात मुलं असणं आणि उत्पन्नाचं साधन. म्हणजे ‘सेक्शन ८’चं, भाड्याला मदत करणारं सरकारी व्हाउचर आहे एवढ्यावरून घरमालक २०२० पासून नकार देऊ शकत नाही.

जातीचा प्रश्न आपल्या वाचकांना हमखास पडतो. ‘जात’ हा शब्द स्पष्टपणे घालणारं विधेयक (एसबी ४०३) २०२३ मध्ये विधिमंडळात मंजूर झालं, पण गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये ते नाकारलं (व्हेटो). जातीवरून भेदभाव सध्याच्या कायद्यानेही निषिद्धच आहे, असं कारण त्यांनी दिलं. सीआरडीने स्वतः २०२० मध्ये बे एरियातल्या एका मोठ्या कंपनीवर जातीच्या मुद्द्यावर दावा लावला होता. तेव्हा फॉर्मवर ‘जात’ अशी चौकट शोधत बसू नका. ‘अँसेस्ट्री’ (पूर्वजांचं कूळ), आणि लागू असेल तर धर्म आणि मूळ देश यांवर खूण करा आणि मजकुरात जात हा शब्द सरळ लिहा.

३. पुरावा, आणि काय करू नये

प्रत्येक घटनेची नोंद त्याच दिवशी करा, स्वतःच्या वहीत किंवा स्वतःच्या फोनवर. कंपनीच्या लॅपटॉपवर नको. काढून टाकलं त्या दिवशी तो परत जातो. नोंद अशी हवी:

‘१४ मार्च, दु. ३.२०, दुसऱ्या मजल्यावरची मीटिंग रूम. मॅनेजरचे शब्द: “बाळंतपणानंतर तुला हे झेपणार नाही.” हजर: टीममधले दोघे. ५.१० ला एचआरला ईमेल केला. १८ मार्चला प्रोजेक्टवरून काढलं.’

शब्द जसेच्या तसे आणि ज्या भाषेत बोलले गेले त्याच भाषेत. मराठीत किंवा हिंदीत टोमणा मारला असेल तर तो देवनागरीत लिहून खाली इंग्रजी अर्थ द्या.

चोरून रेकॉर्डिंग करू नका. भारतातल्या सवयीने फोन खिशात चालू ठेवला जातो, पण कॅलिफोर्नियात खाजगी संभाषण सर्वांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे. तसंच, कंपनीच्या गोपनीय फाइली स्वतःच्या ईमेलवर पाठवल्या की कंपनीला तुम्हाला काढायला आयतं कारण मिळतं. त्याऐवजी लेखी अर्ज करून आपली पर्सोनेल फाइल (कंपनीने ठेवलेली तुमच्या नोकरीची फाइल) मागा. ती ३० दिवसांत द्यावी लागते. पगाराच्या नोंदी २१ दिवसांत. या नोंदी कंपनीने ४ वर्षं जपून ठेवायच्या असतात, त्यामुळे ‘आता सापडत नाही’ हे उत्तर चालत नाही.

एचआरकडे आधी जायलाच हवं असं नाही, पण सहकारी छळत असेल तर जरूर जा, आणि लेखी जा. सहकाऱ्याच्या वागण्याबद्दल कंपनी जबाबदार ठरते ती तिला कळलं होतं किंवा कळायला हवं होतं तरी तिने काही केलं नाही, तेव्हा. छळणारा वरिष्ठ असेल तर कंपनीला ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणून सुटता येत नाही.

घराच्या बाबतीत पुरावा म्हणजे जाहिरातीचा स्क्रीनशॉट, मेसेज, आणि एक साधी गोष्ट: ‘घर गेलं’ असं सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी तीच जाहिरात चालू असेल तर तिचाही तारखेसकट स्क्रीनशॉट. स्थानिक फेअर हाउसिंग संस्था तशीच मिळकत आणि वेगळं नाव असलेला माणूस पाठवून घरमालकाची परीक्षा घेतात. त्यांना लगेच फोन करा, कारण घर खरंच दुसऱ्याला गेलं की परीक्षा घेता येत नाही.

४. इनटेक फॉर्म

सीआरडीच्या ऑनलाइन पोर्टलवर खातं उघडून किंवा ८००-८८४-१६८४ वर फोन करून इनटेक फॉर्म, म्हणजे तक्रारीचा पहिला फॉर्म, भरता येतो. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागा. नोकरीच्या प्रकरणात फॉर्म दिला तीच तक्रारीची तारीख धरली जाते, म्हणजे मुदतीच्या आत हा फॉर्म गेला की पुरे. तीन गोष्टी इथे चुकतात.

पहिली, नावं. वेंडरच्या पगारावर आणि क्लायंटच्या ऑफिसात काम करत असाल तर दोघांचीही नावं घाला, आणि छळणाऱ्या व्यक्तीचंही. इथे राहिलेल्या नावाला पुढे कोर्टात ओढणं अवघड जातं. कंपनीचं नाव पे स्टबवर (पगाराच्या चिठ्ठीवर) छापलंय तेच लिहा.

दुसरी, कारणं. लागू असतील त्या सगळ्या चौकटींवर खूण करा.

तिसरी, सूड. तक्रार केल्यावर रेटिंग घसरलं किंवा नोकरी गेली, तर ‘रिटॅलिएशन’ची चौकट वेगळी आहे. मूळ भेदभाव सिद्ध झाला नाही तरी सूडाचा मुद्दा टिकू शकतो, म्हणून ती रिकामी सोडणं परवडत नाही.

५. तपास हवा की थेट खटला?

नोकरीच्या तक्रारीत इथे दोन वाटा फुटतात. तपास मागितला तर आधी मुलाखत, मग खातं तक्रार लिहून देतं, तुम्ही सही करता, ती कंपनीला जाते, तपास होतो. मध्ये मोफत मध्यस्थीही मिळू शकते. सर्वसाधारण तक्रारीच्या तपासाला वर्षभराची मर्यादा आहे. २०१३ पासून सीआरडी स्वतः कोर्टात दावा लावू शकतं, पण फार थोड्या प्रकरणांत ते तिथवर जातं.

दुसरी वाट म्हणजे तपास सोडून लगेच ‘राइट टू स्यू’ नोटीस, म्हणजे कोर्टात दावा लावायची मोकळीक देणारा कागद, घेणं. ती ऑनलाइन लगेच मिळते, आणि तिथेच लोक फसतात. नोटीस घेतली की सीआरडी तपास करत नाही आणि कोर्टात जायला एक वर्षाचं घड्याळ सुरू होतं. वकील ठरलेला नसेल तर हे बटण दाबू नका. नोकरीच्या करारात आर्बिट्रेशनचं (वाद कोर्टाऐवजी खाजगी लवादाकडे नेण्याचं) कलम असलं तरी सीआरडीकडे तक्रार करण्याचा हक्क जात नाही.

६. घराचं थोडं वेगळं

घराची तक्रार केली म्हणून घर खाली करण्याचा खटला थांबत नाही. समन्स हातात पडलं की कोर्टाच्या कामकाजाच्या १० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं (२०२५ पूर्वी ५ होते). सीआरडीकडे तक्रार आहे म्हणून उत्तर दिलं नाही, तर एकतर्फी निकाल लागतो.

घर देणाऱ्यांसाठीही एक शब्द. आपल्या ग्रुपवर ‘टू बेडरूम, ओन्ली इंडियन फॅमिली’ अशा जाहिराती सर्रास दिसतात. अख्खं घर भाड्याने देताना मूळ देशावरून निवड करणं हा सरळ भंग आहे. ‘शाकाहारी’ हे संरक्षित कारण नाही, पण विशिष्ट धर्माला किंवा जातीला टाळायला ते वापरलंत तर बचाव करणं कठीण. राहत्या घरातली एकच खोली एकालाच देणाऱ्या मालकाला कायद्यात सूट आहे. ती गुंतवणुकीच्या कॉन्डोला लागू नाही.

७. नोकरी गेली असेल तर

एच-१बी व्हिसावाल्यांना नोकरी गेल्यावर देशात राहायला मिळणारी ६० दिवसांची सवलत सीआरडीच्या तक्रारीमुळे वाढत नाही. त्यासाठी इमिग्रेशनचा वकील वेगळा आणि आधी गाठा.

सेव्हरन्सचा (नोकरी सोडताना पैसे देऊन हक्क सोडायला लावणारा) कागद पुढे ठेवला तर तिथल्या तिथे सही करू नका. वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आणि विचाराला किमान ५ कामाचे दिवस, हे त्या कागदात लिहिलेलं असावं लागतं. चाळिशी ओलांडलेल्यांना केंद्राच्या कायद्याने २१ दिवस मिळतात आणि सहीनंतर ७ दिवसांत ती मागेही घेता येते. कामावरच्या बेकायदा वागणुकीबद्दल बोलायला बंदी घालणारं कलम २०२२ पासून चालत नाही. मात्र दाव्याचा हक्क सोडल्याचं वाक्य त्यात असतंच, आणि विचार करून सही केलीत तर ते सहसा टिकतं.