रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे: पोषण-विश्लेषणाचं सॉफ्टवेअर शिकताना

मी आहारतज्ज्ञ आहे. आमच्या विभागात नव्यानं आलेल्यांना हे सॉफ्टवेअर शिकवण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी मी संगणक बंदच ठेवायला सांगते. कागद-पेन घ्यायचं आणि १०० ग्रॅम दुधाचा हिशेब मांडायचा. साईसकटच्या दुधात साधारण ३.२ ग्रॅम प्रथिनं, ३.३ ग्रॅम स्निग्धांश, ४.८ ग्रॅम कर्बोदकं असतात. प्रथिनांना आणि कर्बोदकांना ४ नं गुणायचं, स्निग्धांशाला ९ नं. १२.८, १९.२ आणि २९.७. बेरीज ६१.७ कॅलरी. आता संगणक सुरू करा आणि तेच दूध शोधा. ६१ च्या आसपासचा आकडा दिसेल.

हे एकदा हातानं केलं की पडद्यावरचा आकडा कुठून येतो ते कळतं. काही डेटाबेस प्रत्येक पदार्थासाठी थोडे वेगळे गुणक वापरतात, त्यामुळे थोडाफार फरक राहणारच. पण गणित खूपच फसलं तर आधी तंतू (फायबर) बघा (त्यांच्या ग्रॅमला साधारण २ कॅलरी धरतात), मग अल्कोहोल (ग्रॅमला ७). तरीही जुळत नसेल तर ती नोंद, म्हणजे डेटाबेसमधली त्या पदार्थाची ओळ, वापरू नका, दुसरी शोधा.

नोंद निवडणं हेच या कामातलं खरं कौशल्य आहे. ‘तांदूळ’ एवढंच टाइप केलंत तर भलीमोठी यादी समोर येते आणि घाईत माणूस पहिल्या ओळीवर क्लिक करतो. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३६० कॅलरी असतात, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे १३०. रुग्णानं काय आणि किती खाल्लं ते लिहिलेल्या डायरीत शिजलेल्या भाताचं वजन आहे आणि तुम्ही कच्च्या तांदळाची नोंद उचललीत, तर एका वाटीत जवळजवळ तिप्पट चूक. म्हणून नोंदीचं पूर्ण नाव शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. कच्चं की शिजवलेलं, पाणी काढून टाकलेलं की नाही, सालासकट की सोलून, मीठ घातलेलं की बिनमिठाचं. उकडून पाणी फेकलेल्या बटाट्यातलं बरंचसं पोटॅशियम त्या पाण्याबरोबर जातं. म्हणजे ‘पाणी काढून टाकलेलं’ या तीन शब्दांनी उत्तर बदलतं.

नोंद कुठून आली हेही बघायची सवय लावा. बरीच सॉफ्टवेअर अमेरिकेच्या कृषी विभागाच्या ‘फूडडेटा सेंट्रल’मधून माहिती घेतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहात प्रयोगशाळेत तपासलेल्या पदार्थांच्या नोंदी आहेत आणि कंपन्यांच्या पाकिटांवरून उतरवलेल्याही. पडद्यावर दोन्ही शेजारी शेजारी, सारख्याच अक्षरात दिसतात. पण पाकिटावरून आलेल्या नोंदीत मुख्यतः पाकिटावर छापलंय तेवढंच असतं. झिंक, फॉलेट, मॅग्नेशियम छापलेलं नसेल तर तो रकाना रिकामा.

या रिकाम्या रकान्यानं मला जे शिकवलं ते मी प्रत्येक तुकडीला सांगते. मूत्रपिंडाच्या विकाराचे एक वयस्कर रुग्ण माझ्याकडे होते, त्यांना पोटॅशियम मर्यादेत ठेवायचं होतं. त्यांच्या तीन दिवसांच्या डायरीचं विश्लेषण केलं, पोटॅशियम दिवसाला ११०० मिलिग्रॅमच्या आसपास आलं. मी त्यांना म्हटलं, “आकडा छान आहे, अजून थोडी फळं चालतील.” पुढच्या तपासणीत त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. त्या संध्याकाळी मी डायरी पुन्हा उघडली आणि बेरीज सोडून एकेक ओळ पाहिली. पाकिटातलं सूप, टोमॅटो सॉस, डब्यातला फळांचा रस. तिन्हींसमोर पोटॅशियमचा रकाना कोरा होता. भरपूर पोटॅशियम असलेल्या टोमॅटोसमोर! सॉफ्टवेअरनं कोऱ्या जागेला शून्य धरून बेरीज केली होती आणि मी ती बेरीज रुग्णाला वाचून दाखवली होती.

तेव्हापासूनचा माझा नियम असा: ज्या घटकासाठी विश्लेषण करताय, त्याचा रकाना पदार्थागणिक उघडून पाहिल्याशिवाय एकूण आकड्याकडे जायचं नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये पदार्थवार तपशिलाचा अहवाल असतो, तो काढा. कुठे रेघ दिसते, कुठे ‘०’, कुठे काहीच नाही, ते बघा. तेलात तंतू ० असणं हे मोजमाप आहे. टोमॅटोत पोटॅशियम ० असणं म्हणजे कुणी मोजलेलंच नाही. अशा वेळी त्या पदार्थासारखीच, पण प्रयोगशाळेतली नोंद घ्या, किंवा घटक वेगवेगळे टाकून तो पदार्थ स्वतः बांधा. यातलं काहीच जमलं नाही तर अहवालावर स्पष्ट लिहा की पोटॅशियमची बेरीज अपुरी आहे, प्रत्यक्षातला आकडा याहून जास्त असणार.

पदार्थ स्वतः बांधायचा म्हणजे पाककृतीचा भाग वापरायचा. इथे तराजू हवाच. २०० ग्रॅम तांदूळ घ्या, ७२० कॅलरी. शिजवून झाल्यावर रिकाम्या भांड्याचं वजन वजा करून भात मोजा. समजा ५६० ग्रॅम भरला. आता ७२० भागिले ५६० गुणिले १००, म्हणजे १२९. शिजलेल्या भाताच्या छापील आकड्याशी हे जुळतं, म्हणजे तुमची नोंदही बरोबर आणि मोजणीही. सॉफ्टवेअरला शिजल्यानंतरचं वजन सांगितलंच नाही, तर ते कच्च्या मालाच्या वजनानंच भागतं आणि पातळ पदार्थात तर सगळंच बिघडतं. वजनाचा प्रश्न असा सुटतो, जीवनसत्त्वांचा नाही. उकळताना क जीवनसत्त्व कमी होतं. त्यासाठी शिजवण्याच्या पद्धतीनुसार वजावट करायची सोय काही सॉफ्टवेअरमध्ये असते, ती सुरू आहे का ते सेटिंगमध्ये बघा.

तेलाचं मात्र चमच्यावर सोडू नका. स्वयंपाकाआधी बाटली तराजूवर ठेवा, नंतर पुन्हा ठेवा. ६१२ ग्रॅमची ५७४ झाली, म्हणजे ३८ ग्रॅम तेल आणि ३४२ कॅलरी. त्याच माणसानं डायरीत ‘दोन मोठे चमचे’ लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण २८ ग्रॅम. ९० कॅलरींचा फरक, आणि तो रोजचा. तळण असेल तर उरलेलं तेलही मोजून वजा करा.

एककांबद्दल थोडक्यात. १ किलोकॅलरी (आपण आहारात जिला नुसतं ‘कॅलरी’ म्हणतो ती हीच) म्हणजे ४.१८४ किलोज्यूल, अहवाल कशात आहे ते आधी पाहा. ड जीवनसत्त्वाचा १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आंतरराष्ट्रीय एककं. १ ग्रॅम मिठात सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम. मिठाच्या जागी सोडियम किंवा सोडियमच्या जागी मीठ टाकलं तर अडीचपट चूक होते.

अहवालातले लाल-हिरवे रंग शेवटी पाहा. ते ज्या लक्ष्याशी तुलना करतात ते वय, लिंग, गरोदरपण यांवर ठरतं, आणि माहिती न भरल्यास सॉफ्टवेअर स्वतःच एखादा ठरावीक प्रौढ माणूस गृहीत धरतं. शिवाय एका दिवसाच्या जेवणावरून कुणाला कमतरतेचं लेबल लावू नका. किमान तीन दिवस घ्या, त्यात एक सुट्टीचा, आणि सरासरी काढा.

आठवड्याच्या शेवटी मी एकच हस्तलिखित डायरी दोघांना देते आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसवते. मग दोन्ही अहवाल टेबलावर शेजारी ठेवून ओळीओळीनं वाचतो. ‘एक वाटी’ कुणी किती ग्रॅम धरली, कुठली नोंद उचलली, का उचलली. प्रत्येक नोंदीसमोरच्या टिपेच्या जागेत हे कारण लिहून ठेवायला मी लावते. सहा महिन्यांनी तोच रुग्ण परत आला की ती टीप उघडायची आणि तीच नोंद वापरायची.