विंगलेट लावताना या चुका टाळा

विंगलेट म्हणजे पंखाच्या टोकाला उभा लावलेला छोटा पंख. ‘विंगलेट लावले की विमान स्थिर होतं.’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की कोणी नवीन मॉडेल विमान घेऊन आलं की माझी नजर आधी उभ्या शेपटीकडे जाते. ती जागेवर आहे ना?

एका मुलानं दोन मीटरच्या सरळ पंखाच्या ग्लायडरला वीतभर उंच विंगलेट ग्लू गननं चिकटवले होते. वर ‘आता एवढी शेपटी कशाला’ म्हणून तिचा वरचा तुकडा कापून टाकला. हातातून सुटताच नाक डावीकडे वळलं, मागोमाग डावा पंख खाली. मग तेच उजवीकडे. दर हेलकावा आधीपेक्षा मोठा. शेवटी पंखाचं टोक जमिनीला लागलं आणि पंख मुळाशी मोडला. महिन्याची मेहनत होती, फार वाईट वाटलं.

हा डच रोल, म्हणजे नाक आणि पंखांचं एकत्र डावी-उजवीकडे झुलणं. विमान बाजूला घसरलं की वर उभ्या विंगलेटवर हवा आदळते आणि डायहेड्रल (पंखांना वरच्या बाजूला दिलेला कोन, जो घसरताना विमानाला कलवतो) वाढवल्यासारखा परिणाम होतो. पण सरळ पंखाची टोकं गुरुत्वमध्याच्या आसपासच असतात, त्यामुळे नाक सरळ करायला ती जवळजवळ काहीच मदत करत नाहीत. विमान-रचनाकार बर्ट रुटान यांच्या व्हेरीईझ या छोट्या विमानात (पहिलं उड्डाण १९७५) विंगलेटच शेपटीचं काम करतात, कारण तिथे पंख मागे झुकलेले आहेत आणि टोकं गुरुत्वमध्याच्या बरीच मागे आहेत. चित्र पाहून नक्कल करणाऱ्यांच्या नजरेतून नेमकं हेच सुटतं.

माझी सवय: पहिली उड्डाणं विंगलेटशिवाय. मग टेपनं लावून, शेपटीला हात न लावता.

विंगलेट ही हवा अडवणारी भिंत नव्हे. तो छोटा पंखच आहे, त्यालाही एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा वक्र आकार) आणि योग्य कोन लागतो. नासाच्या रिचर्ड व्हिटकॉम्ब यांच्या कल्पनेवर १९७९-८० मध्ये केसी-१३५ विमानावर चाचण्या झाल्या. इंधनात सुमारे साडेसहा टक्के फायदा दिसला. सपाट पुठ्ठा चिकटवून तो मिळत नाही.

वेगात उडवायचं मॉडेल असेल तर विंगलेट विसरा. विंगलेट कमी करतात तो प्रेरित ड्रॅग, म्हणजे उचल निर्माण होताना येणारा हवेचा विरोध, संथ उड्डाणात मोठा असतो. वेगात उरतं ते विंगलेटचं घर्षण.

टोकावरचा भार पंखाच्या मुळाला सगळ्यात जास्त वाकवतो, म्हणून स्पार (पंखातला भार पेलणारा आडवा दांडा) आधी तपासा. लांबीवर बंधन नसेल तर मी सरळ पंखच थोडा लांबवतो, पण तेव्हाही स्पार तपासूनच. बोईंग ७७७-३००ईआरला उभे विंगलेट नाहीत, मागे झुकलेली लांब टोकं आहेत.

आणि दोन्ही विंगलेट चिकटवण्याआधी वजनकाट्यावर ठेवा, वजन सारखं हवं.