लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड बदलताय? आधी या चुका टाळा

लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टम टाकली, टचपॅड चालतंय, आवाज येतोय, फक्त वाय-फायचा पत्ता नाही. ब्रॉडकॉम किंवा रिअलटेकचं कार्ड असलेल्या लॅपटॉपवर ही तक्रार नेहमीची. मग कुणीतरी सल्ला देतं, 'इंटेलचं कार्ड टाक, मोकळा होशील.' सल्ला चुकीचा नाही. पण ठाण्याहून निघून दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घासाघीस करायची आणि घरी आल्यावर कळायचं की आणलेलं कार्ड आपल्या लॅपटॉपला चालतच नाही! पैसे जातात ते बहुतेक वेळा स्क्रू काढण्याआधीच.

कार्ड बदलायची खरंच गरज आहे का, हे न बघणं

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एलएसपीसीआय ही कमांड 'एनएनके' पर्यायासह (lspci -nnk) चालवा. चिपचं नाव दिसेल आणि तिच्यासाठी कुठला ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्रॅम, चालू आहे तेही. ड्रायव्हरची ओळच नसेल तर कित्येकदा दोष कार्डाचा नसतो, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जुना असतो. उदाहरण म्हणून रिअलटेक ८८५२बीई ही चिप बघा. हिचा ड्रायव्हर कर्नल ६.२ मध्ये आला आणि लिनक्सचाच एक प्रकार असलेलं उबुंटू २२.०४ सुरुवातीला ५.१५ कर्नल घेऊन आलं होतं. तिथे वाय-फाय दिसणार कुठून? मोबाईल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा, म्हणजे मोबाईलचं इंटरनेट लॅपटॉपला मिळेल, नवा कर्नल घ्या, एक रुपया न खर्चता काम होतं. डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराचंही तसंच. २०२३ साली आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून बंदिस्त फर्मवेअर (चिपमध्ये भरला जाणारा, कंपनीने कोड खुला न केलेला प्रोग्रॅम) अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं, त्याआधी ते वेगळं शोधावं लागायचं.

ब्रॉडकॉमची बीसीएम ४३१४२ निघाली तर मात्र खुशाल बदला. तिचा बंदिस्त ड्रायव्हर कर्नलच्या अपडेटनंतर कधी रुसेल याचा नेम नसतो.

शेवटचा आकडा न वाचणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. इंटेल एएक्स २०० आणि एएक्स २०१ दिसायला जवळपास सारखी, खाचही तीच, कार्ड आरामात बसतं. पण २०१ आणि २११ ही अर्धीच कार्डं आहेत. त्यांच्यावर फक्त रेडिओचा भाग असतो, उरलेलं काम इंटेलचा प्रोसेसर किंवा चिपसेट करतो. या जोडणीला सीएनव्हीआय म्हणतात. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्ये २०१ टाकलंत तर ते कुठेच दिसणार नाही, आणि सगळ्या इंटेल लॅपटॉपमध्ये चालेल असंही नाही. एएक्स २०० किंवा २१० मागा, ती पूर्ण कार्डं आहेत. २०० ला कर्नल ५.१ आणि २१० ला ५.१० किंवा त्यापुढचा लागतो. दुकानदार 'सेम आहे साहेब' म्हणाला तरी लेबल स्वतः वाचा.

लॅपटॉप न उघडता खरेदीला जाणं

जुन्या लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआयई प्रकारच्या खाचेचं कार्ड असतं, नव्यात एम.२ प्रकारातलं २२ बाय ३० मिलिमीटरचं कार्ड. काही पातळ मॉडेलांत वाय-फायची चिप बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे यूएसबीमध्ये खोचायचं वाय-फायचं डोंगल हाच उपाय. मागचं झाकण काढून फोटो घ्या आणि मगच बाजार गाठा.

जुने थिंकपॅड आणि एचपी यांची आणखी एक गोम आहे. त्यांच्या बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, चालणाऱ्या कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की थिंकपॅड १८०२ नंबरची एरर दाखवून तिथेच थांबतो. फेरफार केलेला बायोस टाकून यातून सुटता येतं, पण त्यात बोर्ड मरायची भीती असते. त्यापेक्षा त्याच मॉडेलच्या यादीतलं कार्ड जुन्या बाजारात शोधलेलं बरं.

अँटेनाची वायर ओढणं

आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. पावसाळ्यात दमट हवेमुळे स्टॅटिकची (अंगावरच्या स्थिर विजेची) भीती थोडी कमी असते, शॉर्टची नाही. अँटेनाचं टोक एम.२ कार्डावर तांदळाच्या दाण्याहून लहान असतं. वायर धरून खेचलीत तर ती हातात येते. टोकाखाली प्लास्टिकची पट्टी सरकवून सरळ वर उचला. बसवताना बरोबर मधोमध ठेवून अंगठ्याने दाबा, 'टक्' असं बोटाला जाणवलं पाहिजे. राउटरच्या शेजारी बसूनही सिग्नल दोनच काड्या दाखवत असेल तर ड्रायव्हर शोधत बसू नका, आधी हे टोक बघा. मिनी पीसीआयईचं टोक मोठं असतं, ते एम.२ कार्डावर बसत नाही.

कार्ड बसलं, तरी चालत नाही

आरएफकिल (rfkill) या कमांडच्या यादीत 'हार्ड ब्लॉक्ड' दिसलं तर लॅपटॉपचं वाय-फायचं बटण तपासा. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या डीमेसेज (dmesg) कमांडमध्ये आयडब्ल्यूएलवायफाय (iwlwifi) या इंटेलच्या ड्रायव्हरची ओळ फर्मवेअर सापडलं नाही म्हणत असेल तर फर्मवेअरचं पॅकेज अपडेट करा. विंडोजही ठेवलं असेल तर तिथलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. नाहीतर विंडोज कार्डाला अर्धवट झोपेत सोडतं आणि लिनक्सला ते उठवता येत नाही. वाय-फाय चालतं पण ब्लूटूथ नाही? ब्लूटूथ त्याच खाचेतल्या यूएसबीच्या तारांवरून जातं आणि काही लॅपटॉपमध्ये त्या जोडलेल्याच नसतात.

बंदिस्त फर्मवेअर अजिबात नको असणाऱ्यांना इंटेल चालणार नाही. त्यांनी एथ९के (ath9k) ड्रायव्हरवर चालणारं अथेरॉसचं जुनं कार्ड घ्यावं. मात्र एआर ९२८५ नको, ते फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. घोडबंदर रोडच्या टॉवरांत त्या पट्ट्यात दर मजल्याचे राउटर एकमेकांवर ओरडत असतात. एआर ९२८० किंवा ९३८० घ्या, त्यांना ५ गिगाहर्ट्झही चालतं.